फुलांच्या नावात ऋतू गुंफणारे लिनिअस

स्वीडनच्या स्मालँड प्रांतातील रोशुल्ट या खेड्यात २३ मे १७०७ रोजी कार्ल लिनिअस यांचा जन्म झाला. वडील निल्स धर्मोपदेशक. बागेचे विलक्षण वेड असलेले. विद्यापीठात जाताना निल्स यांनी घराजवळच्या लिंडेन वृक्षावरून आडनाव घेतले होते. ज्याच्या आडनावातच झाड, त्याने पुढे सहस्रावधी वनस्पतींचे नामकरण करावे, हा योगायोग गमतीचाच.

लुंड व उप्साला येथे शिक्षण, १७३२ मध्ये लॅपलँडची खडतर भ्रमंती, १७३५ मध्ये हॉलंडात वैद्यकाची पदवी आणि १७४१ पासून उप्सालात प्राध्यापकी, असा त्यांचा प्रवास झाला. त्या काळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील लांबलचक वर्णन असे. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात लिनिअस यांनी अशा वर्णनाशेजारी, समासात, एकच सुटसुटीत शब्द छापला. प्रजातीच्या नावाला हा शब्द जोडला की द्विनाम तयार!

या शब्दांत ऋतूही आले. ‘ल्युकोजम’ या पांढऱ्या फुलांच्या प्रजातीत वसंतातले ते ‘व्हर्नम’, शरदातले ते ‘ऑटम्नेल’. १७५९ मध्ये ग्रीष्माचे ‘एस्टिव्हम’ही त्यांत दाखल झाले. बर्फातून डोके वर काढणाऱ्या एका पिवळ्या फुलाला त्यांनी ‘हायमेलिस’, म्हणजे हिवाळ्याचे, म्हटले.

विशेष म्हणजे, बहराचा काळ ही जात ओळखण्याची अत्यंत फसवी खूण आहे, असे १७५१ मध्ये बजावणारेही लिनिअसच. ग्रीष्माचे म्हणवणारे ‘एस्टिव्हम’ खरे तर वसंतातच फुलू लागते! पण समासातला शब्द त्यांच्या लेखी लक्षण नव्हते, केवळ हाक मारण्याची सोय होती. लक्षणे शेजारच्या वर्णनात होतीच. ऋतूंविषयी त्यांना अनास्था होती असेही नाही. १७५६ मध्ये त्यांनी उप्सालाच्या फुलण्या-गळण्यावरून वर्षाची दिनदर्शिकाच मांडली.

पुढे वर्णने मागे पडली आणि सोयीचे शब्दच टिकले. शरदातले ‘ल्युकोजम’ आज ‘एसिस’ प्रजातीत गणले जाते. लिंगानुसार शेवट बदलून ‘ऑटम्नेल’चे ‘ऑटम्नालिस’ झाले, शरद मात्र कायम राहिला. हिवाळ्यातले ते पिवळे फूलही ‘हेलेबोरस’मधून ‘एरँथिस’मध्ये गेले, ‘हायमेलिस’ला सोबत घेऊनच.

अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने लिनिअस यांची स्मरणशक्ती ढासळली. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा वनस्पतिसंग्रह व ग्रंथ १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज तरुणाने विकत घेतले. ते आज लंडनच्या लिनिअन सोसायटीत जतन केलेले आहेत.