मासळी बाजारातल्या पोरानं न्यूयॉर्क सरकारचा पसारा आवरला

अल स्मिथ १८७३ साली मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत जन्मले. वडील गेले, शाळा सुटली आणि पोरगं घर चालवायला मासळी बाजारात कामाला लागलं. तेच पोरगं १९१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याचं गव्हर्नर झालं.

पण खुर्ची मिळाली तरी कारभार हातात नव्हता. राज्यात १८० हून जास्त खाती, मंडळं आणि आयोग होते. खजिनदार, अगदी राज्याचे अभियंतेसुद्धा थेट निवडून यायचे. त्यांना काढायची सोय नाही, लोकांच्या शिव्या मात्र गव्हर्नरला!

उपाय एकच, राज्याची घटना बदलायची. त्यात १९२० ला स्मिथ निवडणूक हरले. १९२२ ला पुन्हा जिंकले आणि तोच विषय पुन्हा काढला. १९२५ मध्ये मतदारांनी दुरुस्तीला होकार दिला. नव्या खात्यांचा आराखडा करायला स्मिथनी विरोधी पक्षाचे माजी गव्हर्नर ह्यूजेस यांना सोबत घेतलं, ही खरी हुशारी. सगळा पसारा २० खात्यांच्या आत आला. खजिनदार आणि अभियंत्यांची निवडणूक बंद झाली.

१९२७ मध्ये बजेट बनवायचा अधिकारही गव्हर्नरला मिळाला, पण तो लागू झाला १९२९ पासून. तोवर स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरून घरी बसले होते. ते पहिलं बजेट मांडलं नव्या गव्हर्नरनं, फ्रँकलिन रूझवेल्टनं.