हेन्री ड्युनान आणि हायडेनची ती खोली

रेड क्रॉस आपल्याला माहीत आहे, त्यामागचे हेन्री ड्युनान फारसे नाहीत.

ते जिनिव्हाचे व्यापारी. अल्जीरियातल्या धंद्याचं काम घेऊन तिसऱ्या नेपोलियनला भेटायला निघाले आणि जून १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईपाशी पोहोचले. शेजारच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी पडलेले, डॉक्टर मूठभर. धंदा राहिला बाजूला. गावातल्या बायकांना हाताशी धरून ते पाणी पाजू लागले, जखमा धुऊ लागले. फ्रेंच की ऑस्ट्रियन, हे कुणी विचारलं नाही.

१८६२ ला त्यावर स्वखर्चाने पुस्तक काढलं. १८६३ ला पाच जणांची समिती झाली, १८६४ ला पहिला जिनिव्हा करार.

पुढचं मला जास्त अस्वस्थ करतं. १८६७ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं आणि त्याच समितीतून त्यांना बाहेर पडावं लागलं. (सेवा करणाऱ्या संस्थासुद्धा अशा वागतात!) पुढे कित्येक वर्षं गरिबीत गेली, जग त्यांना विसरलं. शेवटची अठरा वर्षं हायडेनच्या रुग्णालयातल्या एका खोलीत काढली. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल फ्रेदेरिक पासी यांच्यासोबत मिळालं, तेव्हाही ते तिथेच होते. ते पैसे त्यांनी स्वतःवर उडवले नाहीत. १९१० ला गेले, तेव्हा मृत्युपत्रात त्याच रुग्णालयात गावातल्या गरिबांसाठी एक मोफत खाट ठेवण्याची सोय केलेली होती.