वाटसरूंची माउली

पूर्वी आपल्या देशात आगगाड्या नव्हत्या, की प्रवाशांसाठी हॉटेले नव्हती. काशीस निघालेला यात्रेकरू महिनोन् महिने पायी चाले. दिवस मावळला, की रात्री पाठ कोठे टेकावी, ही त्याला मोठी चिंता पडे. परक्या वाटसरूंची ही चिंता एका थोर स्त्रीने आपली मानली. त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

पूर्वीच्या नगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी नावाचे गाव आहे. तेथे १७२५ साली माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. पुढे मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनेची हुशारी पाहून मल्हाररावांनी तिला राज्यकारभार शिकवला.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या माऱ्यात पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. परंतु वृद्ध सासऱ्यांच्या विनवणीमुळे त्यांनी तो निश्चय सोडला. १७६६ साली मल्हाररावही गेले आणि वर्षभरात पुत्र मालेराव याचेही निधन झाले. घर रिते झाले. पण अहिल्याबाई खचल्या नाहीत. महेश्वरी राहून त्यांनी सुमारे अठ्ठावीस वर्षे न्यायाने राज्य केले.

धर्मकार्याचा खर्च त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून करीत. त्या पैशातून त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, घाट व विहिरी बांधल्या. पडलेल्या वास्तूही त्यांनी पुन्हा उभ्या केल्या. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर १६६९ साली पाडले गेले होते; ते त्यांनी १७८० साली नव्याने बांधविले. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचाही त्यांनी जीर्णोद्धार केला.

इमारत एकदा बांधून भागत नाही. ती रोज राखावी लागते. हे जाणून अहिल्याबाईंनी अनेक ठिकाणी पूजा, अन्नछत्र व देखभाल यांसाठी कायमच्या नेमणुका करून दिल्या. म्हणूनच त्यांची कितीतरी कामे आजही उभी आहेत.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी ही माउली निवर्तली. २०२४ साली त्यांच्या जन्मजिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले.

मुलांनो, एखादी जुनी धर्मशाळा पाहाल, तेव्हा तिच्या भिंतीवर नावे कोरू नका. कोणा अनोळखी वाटसरूला रात्री निवारा मिळावा, म्हणून कोणीतरी ती मायेने बांधलेली असते. ती जपणे आता आपल्या हाती आहे.