ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. पेशाने ते शिक्षक होते. धाराशिवच्या शेजारच्या बार्शीतही त्यांनी काही काळ अध्यापन केले. शाळेचे काम आटोपले, की त्यांचे मन आकाशाकडे वळे.

पंचांगात मकरसंक्रांत येई, तेव्हा सूर्याचे उत्तरायण सुरू होऊन तीन आठवडे लोटलेले असत. असे का व्हावे? पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून ऋतू होतात. पण हा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डोलतो. त्यामुळे वसंतसंपाताचा बिंदू तारकांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो. तारकांवरून वर्ष मोजीत राहिल्यास काही हजार वर्षांनी होळी ऐन पावसाळ्यात येणार! होळी भर पावसात पेटवायची कशी?

म्हणून वर्ष संपातापासून मोजावे, असा आग्रह दीक्षितांनी धरला. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साहाय्याने त्यांनी सायन पंचांग चालविले. परंतु सणांचे दिवस बदलणे लोकांना रुचेना. ते थोड्यांनीच स्वीकारले.

दीक्षित खचले नाहीत. जुने ग्रंथ धुंडाळून त्यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा थोर ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

१९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यातील चैत्र वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला सुरू होतो. लीप वर्षी २१ मार्चला. संक्रांत मात्र अजूनही जानेवारीतच येते.