रंग हुकले, रेषा राहिली

बपेऱ्याहून तुमसरला आलो की एका मोठ्या दुकान-इमारतीच्या मागच्या वाटेने मला पुढे जावे लागते. तिथे जाळीच्या आड एक हिरवी लोखंडी पेटी उभी आहे. एके दिवशी मी तिथून जात असतानाच वीज गेली. इमारतीच्या खिडक्या काळ्या पडल्या. काही क्षण गेले, पेटी घरघरू लागली आणि वरच्या मजल्यापर्यंत दिवे पुन्हा लागले. पेटीवर नाव होते किर्लोस्कर. घरी हे सांगितले तेव्हा बाबांना नवल वाटले. त्यांच्या लेखी किर्लोस्कर म्हणजे धानाच्या बांधीला पाणी देणारा पंप.

मग ग्रंथालयात त्या नावाचा शोध घेतला. ज्या माणसापासून हे नाव सुरू झाले त्याला चित्रकार व्हायचे होते, हे तिथे कळले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; आर्ट्सला जाऊन काय होणार, हा प्रश्न मला दर लग्नात विचारला जातो. म्हणून या माणसाची गोष्ट मला सोडवेना.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ साली, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधाराने, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी असे ध्यानात आले की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाही. माप आणि सरळ हात लागतो. मुंबईत नुकत्याच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखन शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले.

नोकरी सांभाळून त्यांनी भावाबरोबर सायकलींचा धंदा मांडला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. १८८८ साली अशी 'किर्लोस्कर बंधूं'ची सुरुवात झाली. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले हे पाहून लक्ष्मणरावांनी मास्तरकी सोडली आणि ते बेळगावास परतले.

तिथे छोट्या कारखान्यात आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. हे वाचताना मला हसू आले नाही. ज्याचे सारे वर्ष एका बांधीवर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला लवकर हात लावत नाही, हे मी घरी पाहिले आहे. लक्ष्मणराव शेतकऱ्यावर रागावून बसले नाहीत. नांगर करीत राहिले.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे होती, माणसे होती, पण पाय ठेवायला जमीन नव्हती. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली लक्ष्मणराव त्या माळावर गेले. निवडुंग आणि साप यांखेरीज तिथे फारसे काही नव्हते. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. नुसता कारखानाच नव्हे, कामगारांचे गावच तिथे उभे राहिले. त्या गावात अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीचे काम मिळत होते. आजही हे वाचताना क्षणभर थांबावे लागते.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला, तरी कारखाना टिकला. १९२० साली त्याची कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर' मासिक काढले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी. येथून १९२६ साली पदवी घेऊन आले.

आता त्या हिरव्या पेटीकडे वळतो. तिच्या पोटात डिझेल एंजिन असते. या एंजिनाचा जनक जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल. त्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ते यशस्वी करून दाखविले. यात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. एंजिन मिनिटाला १५०० फेरे घेऊन जनित्र फिरवते, तेव्हा सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे आपल्या घरी येते तशीच, वीज मिळते. १९४६ साली शंतनुरावांच्या नेतृत्वाखाली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. त्याच वर्षी बंगलोरला विजेच्या यंत्रांची किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. एक एंजिन करी, दुसरी जनित्र. लक्ष्मणराव तेव्हा ७७ वर्षांचे होते. जिथे वीज पोचलीच नव्हती अशा गावांत ही एंजिने विहिरीचे पाणी उपसू लागली. शहराला ती अडचणीपुरती लागतात. खेड्याला ती रोजच लागत होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

राखण करणाऱ्या काकांना मी एकदा विचारले, वीज असतानाही तुम्ही मधूनमधून हे यंत्र का चालवता? ते म्हणाले, नुसते उभे ठेवले तर गरजेच्या वेळी ते दगा देते. लक्ष्मणरावांचे रंग गेले, नोकरी गेली, जागा गेली. पण हात कधी थांबलेला नव्हता, म्हणून दर वेळी पुढचे काम सुरू होऊ शकले. मित्रहो, आर्ट्सला जाऊन काय होणार याचे उत्तर अजून माझ्याजवळ नाही. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्यांना आता मी एक गोष्ट सांगतो. तिची सुरुवात मुंबईच्या कलाशाळेत होते.