वरातीमागून आलेली पदके

न्याय उशिरा मिळाला तरी तो न्यायच, असे म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेचा थोर क्रीडापटू जिम थॉर्प याचे चरित्र पाहता ही समजूत आम्हांस स्वीकारवत नाही.

१८८७ च्या सुमारास, आज ओक्लाहोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीत थॉर्पचा जन्म झाला. पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइलच्या ज्या शाळेत आदिवासी मुलांना स्वतःची भाषा व चालीरीती विसरावयास लावीत, तिच्याच मैदानावर हा खेळाडू घडला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथ्लॉन व डेकॅथ्लॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके जिंकली. पुढच्याच वर्षी ती हिरावून घेण्यात आली. अपराध कोणता? १९०९ व १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील लहान संघांकडून तो चार पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. इतर महाविद्यालयीन खेळाडू खोटी नावे धारण करून हेच करीत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला. आक्षेप तीस दिवसांच्या आत घ्यावा, हा स्पर्धेचाच नियम मात्र कोणाला आठवला नाही!

जो व्यवसाय त्याच्यावर कलंक म्हणून लादला गेला, त्यातच त्याने कर्तृत्व गाजविले. १९१३ पासून १९१९ पर्यंत न्यूयॉर्क जायंट्ससह तीन संघांतून तो वरिष्ठ दर्जाचे बेसबॉल खेळला. १९१५ पासून कँटन बुलडॉग्जतर्फे तो फुटबॉलही खेळू लागला. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू हाती घेऊन धावण्याचा तो अमेरिकी खेळ. १९२० मध्ये त्याच्या व्यावसायिक संघांची जी संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष थॉर्पच होता. आजची बलाढ्य नॅशनल फुटबॉल लीग ती हीच.

उतारवयात मात्र त्याच्या वाट्याला मोलमजुरी आणि चित्रपटांतील किरकोळ भूमिका आल्या. १९५३ मध्ये तो वारला. १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता ठरविण्यात आले आणि एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळावयास २०२२ साल उजाडले.

हौशीपणाची अट ही पोटाची भ्रांत नसलेल्यांनी घातलेली अट होती. ती मोडल्याबद्दल शिक्षा झाली ती गरिबाला. नियम करणाऱ्यांनी तो कोणाच्या पोटावर पाय देतो हे आधी पाहावे, एवढाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.