युद्धातून परतलेला पिचर

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकतो तो पिचर. कॅनडातील पेनेटँग्विशीन या गावी १९१३ साली जन्मलेले फिल मार्चिल्डन हे असेच एक नामवंत पिचर. १९४२ साली त्यांचा फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघ तळाशी राहिला. तरी संघाच्या ५५ विजयांपैकी १७ त्यांच्या नावावर होते.

ऐन उमेदीत ते कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचे बॉम्बफेकी विमान शत्रूने पाडले. सातांपैकी दोघेच वाचले. जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत उपासमारीचे दिवस काढून ते १९४५ साली मैदानावर परतले आणि १९४७ मध्ये त्यांनी १९ सामने जिंकले. १९५० साली कारकीर्द संपली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विजयांची बेरीज करताना १९४३ व १९४४ या वर्षांच्या कोऱ्या रकान्यांचा विसर पडू नये.